पायऱ्यांवरची हाक

नसरीन,

मॅच नांदेडनं जिंकली. आधी तेवढं सांगून टाकते, नाहीतर तू मला पुढचं बोलूच द्यायची नाहीस. एका पॉइंटनं जिंकली. आता गप्प बस आणि ऐक.

परवा मॅच झाली तेव्हापासून मला एका जागी बसवत नाहीये. कुकर लावते आणि शिट्ट्या मोजायचं विसरते. ड्यूटीवर एका आजोबांचं बीपी दोनदा घेतलं, तर ते म्हणाले, "सिस्टर, तुमचंच बगून घ्या जरा." लातूरच्या दवाखान्यात इतकी वर्षं सिस्टर म्हणून काढली. माणूस गेल्यावर त्याच्या घरच्यांना खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं, हळू आवाजात बोलायचं, हे सगळं मला नीट जमतं. आपलंच माणूस गेलं की आपण कुठं उभं राहायचं, ते काही मला कळलेलं नाही. म्हणून लिहायला बसले. बसले म्हणजे, मधून मधून उठतेच आहे.

तुझं तोंडसुद्धा मी पाहिलं नाही. अफजलभाईंचा फोन सकाळी आला. "सुजाताताई, नसरीन गेली. तुम्ही निघा," एवढंच बोलले. तुझा नवरा कधीच जास्त बोलला नाही, तुमच्या घरात बोलायचं खातं तुझ्याकडं होतं. मी अंगावर होती त्या साडीत बस धरली. चाकूरला बस पंक्चर झाली. ड्रायव्हर आणि कंडक्टर आरामात जॅक शोधत होते आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहून येणाऱ्या प्रत्येक जीपला हात करत होते. एकही थांबली नाही. घरी पोचले तोवर पुरुषमाणसं तुला घेऊन गेली होती. आत बायका बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा दिली, कुणीतरी पाठीवर हात ठेवला, आणि मला नुसता राग येत होता. चाकूरच्या पंक्चरचा, जीपवाल्यांचा, आणि खरं सांगायचं तर तुझा. माणूस गेलं की त्याच्यावरचा राग आपोआप जातो, असं मी कितीतरी नातेवाइकांना सांगत आले आहे. साफ खोटं आहे ते.

आपलं भांडण मिटलेलं नव्हतं, नसरीन. आणि तू बिनधास्त निघून गेलीस.

भांडणाचं मूळ कॉलेजातच आहे, त्यामुळं तिथूनच सुरू करावं लागेल. मी लोह्याजवळच्या खेड्यातून आलेली, होस्टेलला राहणारी, वर्गात मागच्या बाकावर बसणारी पोरगी. तू नांदेडची. तुझ्या अब्बांचं बांगड्यांचं दुकान, अर्धं गाव तुला नावानं ओळखायचं. पहिल्याच महिन्यात तू मला लायब्ररीच्या व्हरांड्यात अडवलंस आणि वरपासून खालपर्यंत बघितलंस. "एवढी उंची घिऊन लायब्ररीत काय करून राहिलीस? चल." मी म्हणाले, मला बास्केटबॉल येत नाही. तू म्हणालीस, "मला तरी कुठं येतंय." तुला चांगलंच येत होतं. पण तू तसं म्हणालीस म्हणून मी आले. त्या एका वाक्यावर माझी कॉलेजची सगळी वर्षं उभी आहेत, आणि हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू ते मॅच बघायला आलेल्या सगळ्या गावाला सांगत सुटली असतीस.

कॉलेजच्या मागचं ते सिमेंटचं कोर्ट. एका अंगाला पायऱ्या, दुसऱ्या अंगाला लिंबाची झाडं. पायऱ्या आपल्या, झाडं पाहुण्यांची. पाहुण्या कॉलेजचं कुणी चुकून पायऱ्यांवर बसलंच, तर त्याला चहा पाजून, हाताला धरून झाडाखाली नेऊन बसवायचे. आपल्या टीमची पहिली बास्केट पडेपर्यंत पायऱ्यांवर कुणी बूड टेकायचं नाही, हा दुसरा नियम. प्रिन्सिपलसाहेबांनाही सूट नव्हती. परभणीच्या टीमनं एकदा आपल्याला असं अडवून धरलं की काही केल्या बास्केट पडेना, आणि साहेब गुडघ्यावर हात ठेवून उभे. तू कोर्टवरून ओरडलीस, "सर, थांबा, आता टाकतेच." आणि टाकलीस. सगळ्या पायऱ्या एकदम बसल्या आणि साहेबांनी जो सुस्कारा सोडला तो रेफरीलासुद्धा ऐकू गेला.

आणि बांगड्या. तुझं दुकान होतं म्हणून तो रिवाज तुझ्यापासून सुरू झाला असं आजची पोरं समजतात, पण तो आपल्या आधीचा. मॅचआधी खेळणाऱ्या पोरी हातातल्या बांगड्या उतरवायच्या आणि पायऱ्यांवर जिचा आवाज सगळ्यात मोठा, तिच्या हातात घालायच्या. मॅच संपेपर्यंत तिनं त्या सांभाळायच्या. आपलं खेळणं संपलं, तुला उर्दू शाळेत नोकरी लागली, आणि तिथून पुढं दरवर्षी त्या बांगड्या तुझ्याच हातात आल्या. गणित शिकवणारी बाई कोपरापर्यंत हात भरून, हलगीच्या तालावर पायऱ्यांवर उभी आहे, हे बघायला मॅचमधलं काही न कळणारे लोकही यायचे. अलीकडं पोरी बांगड्या कुठं घालतात. घड्याळं, काळे दोरे, केसांचे रबर, असलं काहीबाही तुझ्या हातात चढायचं. एक शीख पोरगी कडं काढताना घुटमळली, तर तू म्हणालीस, "ते काढायचं नसतंय, बेटा. आण हात इकडं." आणि कड्यावरून पांढरी पट्टी गुंडाळून दिलीस. रेफरी विचारायला आला तेव्हा तो तोंड उघडायच्या आत तूच त्याला सुनावलंस.

आता हाकेचं सांगते. ते टाळत होते.

आपण दुसऱ्या वर्षाला होतो. तुझे पाच फाउल होऊन तू बाहेर गेली होतीस. समोरच्या टीमची, देवणीकडची एक बारकी पोरगी फाउलची फ्री थ्रो टाकायला लाइनवर एकटी उभी राहिली. पायऱ्यांवरच्या पोरांनी शिट्ट्या सुरू केल्या, तिच्या हाफ पँटवरून नको ते बोलायला लागले. ती बॉल नुसता आपटत राहिली. तू बेंचवरून उठलीस आणि सरळ पायऱ्यांसमोर जाऊन उभी राहिलीस. "आता एक जरी शिट्टी वाजली, तर उद्यापास्नं इथं मॅच न्हाई. मी न्हाई खेळणार आन् कुणाला खेळू बी देणार न्हाई." पायऱ्या चिडीचूप. मग तू त्या पोरीकडं वळलीस आणि घरात जेवायला वाढताना बोलावं तशी बोललीस, "सावकाश घ्या ताई, काही घाई न्हाई."

ती चुकली. दुसरी थ्रोही चुकली.

तुला वाईट वाटलं होतं, तुझा चेहरा मी पाहिला आहे. पण पायऱ्यांच्या हाती कोलीत मिळालं. पुढच्या मॅचपासून पाहुण्यांची पोरगी लाइनवर आली की सगळ्या पायऱ्या आधी गप्प व्हायच्या आणि मग एका सुरात, अदबीनं, तेच वाक्य. शिट्टी नाही, शिवी नाही, नुसती अदब. भल्या भल्या पोरी त्या अदबीपुढं गळपटल्या. बाहेरच्या टीमा म्हणायला लागल्या, नांदेडला फ्री थ्रो मारण्यापेक्षा माहूरचा गड अनवाणी चढणं सोपं.

आणि तिथूनच आपला वाद. मी म्हणायची, ही लबाडी आहे, गोड बोलून काटा काढणं आहे. तू म्हणायचीस, "मी मनापास्नं म्हणते, सुजे. तिनं सावकाशच घ्यावं. चुकली तर ते तिचं नसीब."

"मग तिची बास्केट पडली की तुझं तोंड का उतरतं?"

"ते बी मनापास्नंच उतरतंय."

एवढ्यावर आपण हसायचो आणि विषय तिथं सोडायचो. दर वर्षी तोच वाद, तेच हसणं. वाद मिटवायची कुणाला गरजच वाटली नाही, कारण पुढच्या वर्षी पुन्हा मॅच होतीच.

माझं लग्न लातूरला झालं, तेव्हा तू भर मांडवात म्हणालीस, "झाडाखाली गेली आमची पोरगी." पण मॅचला मी आले की पायऱ्यांवर तुझ्या शेजारीच. लातूरवाल्यांची तू किती चेष्टा केलीस. "तुमच्याकडची पब्लिक मॅचला येती ती बी नोट्स घिऊन. बास्केट पडली तरी आधी उत्तर बरोबर हाय का बगत्यात, मग टाळी." मी चिडायची. मग समोर बघायची, तर झाडाखाली खरंच एक पोरगी फिजिक्स वाचत बसलेली असायची.

सुमेधा झाली तेव्हा तू बघायला आलीस. बाळाचं तोंड बघायच्या आधी तिचा पंजा उघडून बघितलास आणि जाहीर केलंस, "बॉल बसतंय हातात." पुढं ती लातूरला शिकली, तिथल्याच कॉलेजच्या टीममध्ये गेली. तू दोन दिवस माझा फोन उचलला नाहीस. तिसऱ्या दिवशी म्हणालीस, "खेळू दे. फ्री थ्रोला आली की बगू." मी ते हसण्यावारी नेलं.

मागच्या वर्षी ती पहिल्यांदा नांदेडला खेळायला आली. मी पहिल्यांदा झाडाखाली बसले. लेक लातूरकडून खेळत असताना आई कुठं बसणार? तू पायऱ्यांवरून दोन्ही हात पसरून विचारलंस, हे काय? मी खांदे उडवले. आणि मग सुमेधा लाइनवर आली. मी तुझ्याकडं बघितलं. मला खात्री होती, आज तू गप्प बसशील. तूही माझ्याकडं बघितलंस, हे मी शपथेवर सांगेन. मग तू घड्याळांनी भरलेले हात वर केलेस, पायऱ्या शांत झाल्या, आणि सगळ्यांच्या आधी तुझा आवाज आला. ताई म्हणालीस तू तिला. अंगाखांद्यावर खेळवलेल्या पोरीला. तिच्या दोन्ही थ्रो चुकल्या आणि मॅच संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

मॅच संपल्यावर मी तरातरा पायऱ्यांवर आले.

"तुला काहीच वाटलं न्हाई? सुमी होती ती."

"सुमी व्हती म्हणूनच. तिला सोडलं असतं तर पायऱ्या म्हणल्या असत्या, बिचारी हाय. ती बिचारी हाय का?"

"तू तिला चुकवलंस."

"मी सावकाश घे म्हणलं. तिनं घाई केली."

"इतकी वर्षं मला हेच सांगून राहिलीस. आज तरी खरं बोल. ती चुकावी म्हणून म्हणलीस का न्हाई?"

तू बोलणार होतीस. तोंड उघडलं होतंस. तेवढ्यात पोरी आपापली घड्याळं आणि दोरे मागायला आल्या, आणि तू हात पुढं करून एकेक उतरवून द्यायला लागलीस. मी तिथून निघाले. हाक मारशील असं वाटलं होतं. गेटपर्यंत हळूहळूच चालले.

त्यानंतर वर्षभर आपण बोललो नाही. ईदला तुझ्याकडून शीरखुर्म्याचा डबा आला नाही. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, माझा फोन गेला नाही. मी म्हणायची, तिनं हाक दिली, आता फोनही तिनंच करावा. तू काय म्हणत होतीस ते मला माहीत नाही. आणि मला तर फक्त एवढंच पाहिजे होतं: ती चुकावी म्हणून तू म्हणालीस, की तिनं सावकाश घ्यावं म्हणून? हो किंवा नाही. कुठल्याही उत्तरावर मी चार दिवस चिडले असते आणि पाचव्या दिवशी आले असते. आता कुणाला विचारू? अफजलभाईंना? ते बिचारे तुझे कपडे घडी करून बसले आहेत.

तू गेलीस त्या दिवशी सुमेधा कॉलेजातून परस्पर तुमच्या घरी आली होती. परतीच्या बसमध्ये ती माझ्याशेजारी बॅगेचा पट्टा पिळत बसली होती. मग म्हणाली, "आई, मी नसरीनखालाकडं येत होते."

"येत होते म्हणजे?"

"नांदेडला. रविवारी. प्रॅक्टिसला."

मॅचनंतर तिनंच तुला फोन केला होता म्हणे. रविवारी मैत्रिणीकडं अभ्यासाला जाते सांगून ती नांदेडची बस पकडायची. तू रिकाम्या कोर्टवर रिंगखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचीस. तिनं बॉल उचलला की तू म्हणायचीस, सावकाश घ्या ताई. चुकला की पुन्हा. बॉल पडायला लागले तरी तू थांबली नाहीस. तुझे गुडघे तुला शाळेचा जिना चढू देत नव्हते, आणि तू उन्हात बसून माझ्या पोरीला हाक देत होतीस.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"खाला म्हणली, आईला मी सांगते. तुमच्या दोघींत मी पडू नको म्हणली."

सांगणार होतीस. कधी, नसरीन? कशाची वाट बघत होतीस? अहमदपूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझी पोरगी, माझ्या पाठीमागं, आणि मी रविवारी तिच्यासाठी डबा भरून देत होते, अभ्यास करून दमेल म्हणून. तुला दोन लगावाव्यात असं वाटत होतं आणि तुझे पाय दाबून द्यावेत असंही वाटत होतं. माझ्या लेकीसाठी माझ्याशिवाय कुणी इतकं केलं नाही. तिच्या बापानंही नाही, आणि तो वाईट माणूस नाही. हे उपकार कुठं फेडू, असं विचारायचीही तू सोय ठेवली नाहीस.

"आधी लई भीती वाटायची," सुमेधा म्हणाली. "मग खालाचा आवाज आला की बरं वाटायला लागलं. हात आपोआप जागेवर येतात." येतात म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं, आणि पुढच्या सीटवर डोकं टेकून ती हमसून रडली.

तरी माझा प्रश्न सुटला नाही, बरं का. तुला मागाहून वाईट वाटलं म्हणून तू तिला शिकवलंस, असंही असेल. पहिल्यापासून तुझ्या मनात पाप नव्हतं, असंही असेल. मी दोन्ही बाजूंनी स्वतःशी भांडून बघते. तुझी बाजू मला तुझ्याइतकी चांगली मांडता येत नाही, आणि मला सारखं माझंच म्हणणं जिंकावं लागतं.

परवाच्या मॅचला मी येणार नव्हते. सुमेधा म्हणाली, "तू न्हाई आलीस तर मी बी खेळत न्हाई." आले. गेटपाशी वैष्णवी भेटली, शेवटच्या वर्षाची, जिला तू तुझ्यामागं पायऱ्यांसाठी तयार करत होतीस. डोळे सुजलेले. "मावशी, आज आम्ही हाक देणार न्हाई," ती म्हणाली. "खालांच्या आठवणीत. आज कुणीच काही बोलायचं न्हाई, असं ठरलंय." पोरींची घड्याळं आणि दोरेही त्यांनी कुणाच्या हातात घातले नव्हते, एका स्टीलच्या डब्यात ठेवले होते. "तुम्ही वर पायऱ्यांवर बसा, तुमचा मान हाय," असंही म्हणाली. मी नको म्हणाले. लातूरच्या खेळाडूची आई म्हणून आले होते, झाडाखाली बसले.

तुला मुळीच आवडलं नसतं. मॅचआधी दोन मिनिटं सगळे शांत उभे राहिले, ते ठीक होतं. पण मॅच सुरू झाली तरी पायऱ्या तशाच. पहिली बास्केट पडेपर्यंत उभ्या राहिल्या, पडल्यावर बसल्या, टाळ्या वाजवल्या. हलगी नाही. आरडाओरडा नाही. लातूरची पोरगी लाइनवर आली की सगळे माना खाली घालून बसायचे. ती पोरं मनापासून करत होती, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला मात्र तिथं गुदमरायला होत होतं. वाटत होतं, जावं आणि वैष्णवीला गदागदा हलवावं. बाई गं, तिनं तुम्हाला गप्प बसायला शिकवलं का? पण मी झाडाखालची. मला काय अधिकार, म्हणून पदर बोटाला गुंडाळत बसून राहिले.

शेवटची काही सेकंदं उरली तेव्हा नांदेड दोन पॉइंटनं पुढं होतं. सुमेधावर फाउल झाला. दोन फ्री थ्रो. दोन्ही पडल्या असत्या तर बरोबरी. रेफरीनं बॉल तिच्या हातात दिला. तिनं तो जमिनीवर आपटला, उचलला, छातीशी धरला, आणि थांबली. पायऱ्यांकडं बघितलं. तिथं सगळ्या माना खाली. ती थांबूनच राहिली. ती कशाची वाट बघते आहे ते त्या कोर्टवर फक्त मला कळत होतं. रेफरी हातानं सेकंद मोजत होता. अगदी शेवटी तिनं घाईघाईनं बॉल सोडला. रिंगवर आपटून बाहेर गेला.

मी कधी उठले ते मला आठवत नाही. कोर्टच्या लाइनपर्यंत आले होते, एवढं खरं. रेफरीनं दुसऱ्यांदा बॉल दिला आणि मी म्हणाले, "सावकाश घ्या ताई, काही घाई न्हाई." आवाज फाटला. माझ्या मागून लातूरची एक आई म्हणाली, "अहो, तुमचीच हाय ना ती?" मी पुन्हा म्हणाले, आणखी मोठ्यानं. समोर वैष्णवी उभी राहिली. मग तिच्या मागची रांग. मग सगळ्या पायऱ्या उभ्या राहून एका सुरात म्हणाल्या. सुमेधानं ना माझ्याकडं बघितलं ना त्यांच्याकडं. तिचे खांदे खाली आले, श्वास सोडलेला मला दिसला. बॉल रिंगला न लागता आत पडला.

मी ते म्हणाले तेव्हा ती चुकावी असं माझ्या मनात अर्थातच नव्हतं. पण बॉल पडावा असंही नव्हतं. खरंच नव्हतं. तिनं सावकाश घ्यावं, तेवढंच होतं. म्हणून तू इतकी वर्षं खरं बोलत होतीस असं मी अजून म्हणत नाही. माझ्यापुरतं काय झालं ते सांगितलं.

बाकी तुला माहीतच आहे काय होतं ते. तुमच्या पोरींनी बॉल हातात खेळवत वेळ काढला आणि मॅच एका पॉइंटनं गेली. पायऱ्यांवर कुणीतरी कुठून तरी हलगी काढली. वैष्णवी रडत रडत नाचत होती.

सुमेधा घामानं निथळत माझ्याकडं आली. मला वाटलं, गळ्यात पडेल. ती पाण्याची बाटली घेऊन समोर उभी राहिली.

"पहिल्याच्या वेळी का गप्प बसलीस, आई?"

"हाक त्यांची असती," मी म्हणाले. "मला वाटलं, आधी ते बोलतील."

तिनं पायऱ्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. रागात नव्हती, दमलेली होती. "त्यांना बी तसंच वाटलं असंल, आधी दुसरं कुणीतरी बोलंल," ती म्हणाली आणि पोरींमागं बसकडं निघून गेली.

मी लाइनवर तशीच उभी राहिले; आधी तू फोन करशील म्हणून मी वर्षभर अशीच थांबले होते. आणि मग मी रडले, नसरीन, नांदेडच्या आणि लातूरच्या सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं.